वीस तारखेनंतर

सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडतीचं एक जुनं दुकान होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्या दुकानात पुरुषभर पाणी उभं राहिलं. पूर ओसरल्यावर घरातल्यांनी दुकान विकून टाकलं. तसंही ते नावापुरतंच उघडं होतं. हळदीचे सौदे केव्हाच मार्केट यार्डात गेले होते. विक्रीतून दोघा चुलत भावांच्या वाट्याला पंचवीस-पंचवीस लाख रुपये आले. आणि दोघांनीही, एकमेकांना न विचारता, मनाशी एकच ठरवलं: आता चाकरी पुरे, शेअरबाजारावर घर चालवायचं.

थोरला दादा. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. धाकटा बापू. सांगलीतच एका सबब्रोकरच्या ऑफिसात डीलर होता. लोकांच्या ऑर्डरी टाकण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. दोघांनीही नोकरी सोडली आणि घरच्या जुन्या वाड्यात वरच्या माडीवर दोन टेबलं लागली. २०१९ च्या लक्ष्मीपूजनाला, रविवारी संध्याकाळी, मुहूर्ताच्या सौद्यांच्या तासाभरात दोघांनी पहिली खरेदी केली. खाली देवघरापाशी आत्या बसली होती. ती दोघांच्याही वडिलांची बहीण, दुकानाची कीर्द आणि खतावणी चाळीस वर्षं हातानं लिहिलेली. तिनं दोघांच्या टेबलांवर कुंकू लावलं आणि काही विचारलं नाही.

दादाची पद्धत अशी होती. शंभर मोठ्या कंपन्यांची यादी. त्यातल्या एखाद्या शेअरचा बंद भाव गेल्या ५५ दिवसांतल्या सगळ्यांत वरच्या भावाच्या पुढं गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. गेल्या २० दिवसांतल्या तळाच्या खाली गेला, की विकायचा. आणि नग किती घ्यायचे तेही हिशेबानं: सौदा फसला तर भांडवलाच्या एक टक्क्याहून, म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त जाऊ नयेत. बातम्या वाचायच्या नाहीत, कंपनीचं नाव आवडतं की नाही हे बघायचं नाही. त्यानं पंधरा वर्षांच्या जुन्या भावांवर ही पद्धत चालवून पाहिली होती. दहातले सहा-सात सौदे थोड्या तोट्यात जातात, उरलेल्यांतला एखाददुसरा वर्षभराचं सगळं भरून काढतो, असं त्यातून दिसत होतं.

या नियमांचं कूळ तो अभिमानानं सांगे. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिस हा वायदेबाजारातला बडा खेळाडू आणि त्याचा मित्र विल्यम एकहार्ट यांच्यात वाद झाला. डेनिसचं म्हणणं, सौदे करणं शिकवता येतं. एकहार्टचं म्हणणं, ते माणसात उपजतच असावं लागतं. निकाल लावण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन नवखी माणसं निवडली, दोन आठवडे नियम शिकवले आणि डेनिसनं आपले पैसे त्यांच्या हाती दिले. सिंगापुरात पाहिलेल्या कासवांच्या पैदास केंद्राची आठवण ठेवून त्यानं या शिष्यांना ‘टर्टल’ म्हटलं. त्यांनी पुढं कोट्यवधी डॉलर कमावले. दादा इथं थांबायचा. मला वाटतं, गोष्टीचा मोलाचा भाग त्याच्या पुढं आहे. नियम सगळ्यांना तेच होते, शिकवणारा तोच होता, तरी शिष्यांचे निकाल सारखे आले नाहीत. कारण कागदावरचा नियम पाळणारं माणूस दर वेळी वेगळं होतं. आणि खुद्द डेनिसनं १९८८ मध्ये, लोकांच्या पैशात मोठा तोटा आल्यावर, तो कारभार थांबवला.

बापूकडे असला कागद नव्हता. त्याची नजर ‘डेप्थ’वर असे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या पाच-पाच रांगांवर. एकाच भावाला खरेदी खपते आणि पुन्हा तेवढीच भरून येते, असं झालं की तो ओळखायचा: कुणी मोठा हात तुकड्यातुकड्यानं माल उचलतो आहे. वर मोठी खरेदी मांडलेली आहे पण भाव जवळ आला की ती उडून जाते, हे दिसलं की तिथून बाजूला व्हायचा. अशा गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या ऑर्डरी टाकताना त्याच्या बोटांत त्या उतरल्या होत्या. बापूचं म्हणणं साधं होतं, “दादा, कालच्या भावांवर बेतलेला नियम आज समोर कोण उभा आहे ते सांगत नाही.” त्यावर दादा म्हणायचा, “आणि तुझं मन आज कुठल्या मूडमध्ये आहे, ते तुला तरी कोण सांगतं?”

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच वाद मिटत नव्हता.

मग २०२० आलं. फेब्रुवारीच्या अखेरीला दादाचे नियम एकामागून एक ‘विका’ म्हणू लागले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे एकही शेअर उरला नाही. बापूनंही पडझड ओळखली होती. तो रोज सकाळी शॉर्ट करून, म्हणजे आधी विकून, दुपारी परत घेऊन कव्हर करत होता. २३ मार्चला बाजार लोअर सर्किटला जाऊन पाऊण तास थांबला, पुन्हा उघडल्यावर आणखी पडला आणि निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के खाली येऊन ७६१० वर बंद झाली. त्या संध्याकाळी माडीवरचे दोघेही सुखरूप होते. एकाला नियमानं वाचवलं, दुसऱ्याला नजरेनं.

एप्रिलनं मात्र दोघांचीही परीक्षा घेतली. बापूनं पहिल्यांदाच रांगांवरची नजर सोडून मताला धरलं. देश बंद, कारखाने बंद, रस्त्यावर माणूस नाही. बाजार वर जाईलच कसा? तो शॉर्ट करत राहिला आणि त्या एका महिन्यात निफ्टी १४ टक्क्यांहून जास्त चढली. मार्चमधली कमाई तर गेलीच, वर मुद्दलाचाही लचका गेला. इकडे दादाच्या नियमाला वर जाणारा बाजार फारसा दिसत नव्हता, कारण बहुतेक शेअरचे ५५ दिवसांपूर्वीचे भाव अजून फार उंचावर होते. तो एप्रिल आणि मे दोन्ही महिने बहुतेक रोकड घेऊन बसून राहिला. नियमाच्या हिशेबात त्यानं काहीच गमावलं नव्हतं. पण पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, मुलीची शाळा, दोन घरांचा किराणा असे महिन्याला पन्नास हजार रुपये भांडवलातून निघतच होते. जुन्या भावांवर केलेल्या चाचणीत किराण्याचा रकाना नव्हता.

पुढचं दीड वर्ष तेजीचं होतं. दादाचे नियम सुरेख चालले. बापूही सावरला. या काळातला एक दिवस इथं सांगायला हवा. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. एनएसईच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तिथले सौदे बंद पडले. बापू एका खासगी बँकेच्या शेअरमध्ये शॉर्ट होता. तो स्क्रीनकडे बघत बसला. एनएसई केव्हा उघडेल ते कुणीच सांगत नव्हतं. तीन वाजून गेल्यावर त्याच्या ब्रोकरनं, इतर अनेकांच्या ब्रोकरांसारखंच, त्याचा सौदा बीएसईवर पुरा करून टाकला. थोडा तोटा झाला. बापू फोनवर भांडला. आणि मग पावणेचारला एनएसई उघडली, पाच वाजेपर्यंत चालली, आणि त्या सव्वा तासात बाजार जोरात वर गेला. बँका तर सगळ्यांत पुढं होत्या, कारण सरकारी कामकाज करायला खासगी बँकांवर असलेली बंदी त्याच दिवशी उठल्याचं जाहीर झालं होतं. सौदा तसाच राहिला असता तर बापूचं कंबरडं मोडलं असतं.

महिन्याभरानं बापू हा प्रसंग पाहुण्यांना सांगत होता. त्याच्या सांगण्यात आता ब्रोकरशी झालेलं भांडण नव्हतं. “मला आतून वाटलंच होतं, म्हणून मी निघालो,” असं तो मनापासून म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं.

आत्या भाजी निवडत होती. तिनं विचारलं, “लिहिलं होतंस कुठं?”

“काय?”

“आतून वाटलं ते. त्या दिवशी.”

बापू हसला आणि विषय बदलला. मला या ठिकाणी बापूची काळजी वाटते. ज्याला स्वतःच्या निर्णयावर पोट भरायचं आहे, त्याला निर्णय आणि योगायोग वेगळे ओळखता आले पाहिजेत, आणि आठवणीच्या भरवशावर ते कुणालाच येत नाहीत. नशिबानं वाचलेला सौदा अनुभवाच्या खात्यावर जमा झाला, की तो अनुभव पुढच्या वेळी चुकीची वाट दाखवतो.

२०२१ च्या ऑक्टोबरात निफ्टीनं साडेअठरा हजारांची पातळी ओलांडली आणि तिथून बाजार बिघडला. पुढच्या जूनपर्यंत तो हिंदकळत हिंदकळत खाली आला. ५५ दिवसांचा उच्चांक ओलांडणारा शेअर आठवडाभरात परत खाली यायचा. दादा घ्यायचा, थोड्या तोट्यात विकायचा, पुन्हा घ्यायचा. असं होणार हे त्याला माहीत होतं. चाचणीतही असे काळ आले होते. पण चाचणीतलं वर्ष पडद्यावर एका क्षणात सरकतं. वाड्यातलं वर्ष एकेका दिवसानं गेलं.

संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांना २०२२ मध्ये तेजी होती. त्यातल्या एका कंपनीचा शेअर नियमानं दादाला मिळवून दिला आणि तो चढू लागला. इतक्या महिन्यांच्या किरकोळ तोट्यांची भरपाई करणारा सौदा तो हाच. तेवढ्यात मुलीच्या कॉलेज प्रवेशाची फी आली. दादानं तो शेअर विकला. नियमानं ‘विका’ म्हटलेलं नव्हतं. त्यानं वहीत शेरा मारला, “नफा वसूल.” शेअर पुढं कितीतरी वर गेला. हा तपशील बारीक वाटेल, पण या पद्धतीचं सगळं उत्पन्न वर्षातल्या दोन-तीन सौद्यांत असतं. त्यातला एक अर्ध्यावर तोडला, की मागं फक्त तोटे उरतात.

त्या दिवाळीआधी, एकाच आठवड्यात, दोघंही आत्याकडे वेगवेगळे आले. तिच्या वाट्याचे पैसे बँकेत मुदत ठेवीत होते. दोघांनाही पाच-पाच लाख हवे होते. दोघंही म्हणाले की पद्धत चोख आहे, फक्त भांडवल थोडं कमी पडतंय.

आत्यानं नाही म्हटलं नाही. म्हणाली, “आधी तुमची कीर्द दाखवा.”

कीर्द कुणाकडेच नव्हती. ब्रोकरकडून रोज येणाऱ्या काँट्रॅक्ट नोटा होत्या, ई-मेलमध्ये पडलेल्या. बापूच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं तीन वर्षांच्या नोटा छापून आजीपुढं ठेवल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं लांब वह्या मागवल्या आणि सकाळची पूजा झाल्यावर रोज दोन-तीन तास लिहायला बसू लागली. तिला निफ्टी म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं. शॉर्ट म्हणजे आधी विकायचं आणि मग घ्यायचं, एवढं तिनं नातवाकडून समजून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे मंदीचा वायदा. आमच्याकडे हळदीत असायचा.” एसटीटी, दलाली, जीएसटी, स्टँप यांचा तिनं वेगळा रकाना केला. दादाच्या वहीत तिनं आणखी एक रकाना आखला: नियमानं काय करायला हवं होतं, आणि केलं काय.

लिहिता लिहिता तिला जे दिसलं ते माडीवरच्या दोन्ही संगणकांना दिसलं नव्हतं. ती सौदे तारखेनं लिहीत होती, आणि घरखर्चाची जुनी वही तिच्या शेजारीच होती.

एका रविवारी तिनं दोघांना समोर बसवलं.

“बापू, तुझा महिना वीस तारखेपर्यंत बरा असतो. थोडं मिळतं, थोडं जातं, हाती काहीतरी राहतं. वीसनंतर तुझे सौदे दुप्पट होतात. जे मिळवलेलं असतं ते त्या दहा दिवसांत जातं, वर खर्चाचा रकाना सुजतो. पाच तारखेला तुझ्या घराचा हप्ता असतो ना?”

बापू खाली बघत होता.

“आणि दादा, तू नियम मोडलास ते किती वेळा, हे तूच मोज. मी तारखा मांडल्या आहेत. सगळ्या वीसच्या पुढच्या. एक सौदा घेतलाच नाहीस, दोन अर्ध्यावर विकलेस, एकात नग कमी घेतलेस. पहिल्या पंधरवड्यात तू कधी नियम मोडलेला नाहीस.”

दादानं वही ओढून घेतली. बराच वेळ तो पानं उलटत होता. शेवटी म्हणाला, “मग नियमात दोष नाही तर.”

“तेच बापूही म्हणेल. त्याच्या नजरेत दोष नाही. मला त्यातलं काय कळतं? मला एवढंच दिसतं की महिनाअखेर आली की तुमच्यापैकी कुणीच आपल्या पद्धतीनं चालत नाही. दोघंही एकाच पद्धतीनं चालता, हप्त्याच्या.”

मग तिनं पेवाची गोष्ट काढली. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं असत. कोरड्या मातीत भरून तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी निकामी केली. आत्याचे वडील अण्णा भाव पडलेला असताना राजापुरी हळद घेऊन पेवात टाकायचे आणि वाट बघायचे. कधी दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. “पेव मध्येच उघडून चार पोती काढता येत नाहीत,” आत्या म्हणाली. “एकदा उघडलं की सगळा माल बाहेर काढावा लागतो. म्हणून उघडायचं ते भाव बघूनच. पण भावाची वाट बघायला अण्णांना परवडायचं कसं? आमची चूल अडतीवर चालायची. शेतकऱ्याचा माल विकून दिला की शेकड्यामागं जे मिळायचं त्यात घर बसायचं. मंदी असो, तेजी असो, अडत रोज होती. पेवावर आमचं जेवण नव्हतं, म्हणून अण्णांना पेव कळायचं. तुम्ही अडत विकून आलात आणि नुसतं पेव घेऊन बसलात. दर महिन्याला ते उघडता.”

हे ऐकून दादातला इंजिनिअर जागा झाला. तो म्हणाला, वर्षाला वीस टक्के मिळाले तर हे सगळं चालतं. आत्यानं पेन्सिल घेतली. पंचवीस लाखांवर महिन्याला पन्नास हजार, म्हणजे वर्षाला सहा लाख, म्हणजे शेकडा चोवीस. वीस टक्के मिळूनही मुद्दल घटतं. आणि वाईट वर्ष आलं, पद्धतीनं फक्त दहा टक्के गमावले, तर? अडीच लाख तोट्याचे, सहा लाख घरखर्चाचे, उरले साडेसोळा. पुढच्या वर्षी घरखर्च भागवून पुन्हा पंचवीसवर यायला साडेचौदा लाख मिळवायचे. साडेसोळावर साडेचौदा. दादानं मनातल्या मनात भागाकार केला आणि तोंडानं उत्तर सांगितलं नाही. अठ्ठ्याऐंशी टक्के. जगातला कुठलाही नियम हे वचन देत नाही, आणि कुठलीही नजर अशा ओझ्याखाली रांगा शांतपणे वाचू शकत नाही.

सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त होता. त्याच वर्षीच्या जुलैमधल्या दुसऱ्या अभ्यासात रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सातजण २०२२-२३ मध्ये तोट्यात होते. हे आकडे वाचून लोक म्हणतात, पद्धत चुकीची होती, शिस्त नव्हती, हाव होती. असेलही. पण मला त्या माणसांच्या घरखर्चाची वही बघावीशी वाटते. त्यांतले किती जण हावेनं गेले आणि किती हप्त्याच्या तारखेनं, हे कळल्याशिवाय त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही असं मला वाटतं.

आत्यानं पैसे दिले, पण कर्ज म्हणून नाही आणि बाजारासाठीही नाही. दोघांच्या नावानं वर्षभराच्या हप्त्यांची रक्कम बँकेत वेगळी ठेवली. अट एवढीच: घर चालवणारा पैसा बाजाराबाहेरून आला पाहिजे. दादानं जुन्या कंपनीतल्या ओळखीनं कंत्राटी काम घेतलं, संध्याकाळी करायचं. त्याच्या पद्धतीला दिवसातून अर्धा तास पुरत होता. बाकीचे सहा तास तो इतकी वर्षं नुसता स्क्रीनपुढं घालवत होता. बापू सबब्रोकरकडे परत गेला. त्याला हे जड गेलं. गावात लोक विचारायचे. पण ऑफिसात समोर डेप्थ होतीच, आणि पगार एक तारखेला येत होता.

आत्याची दुसरी अट बापूला आणखी जड गेली. सौदा करण्याआधी एका ओळीत कारण लिहायचं. आधी, नंतर नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं लिहिलं, “चांगला वाटतोय.” आत्यानं ती ओळ खोडली. हळूहळू सौदे कमी झाले, कारण लिहायला बसलं की अर्ध्या वेळा कारण सापडायचंच नाही. वर्षभरानं वही भरली तेव्हा दादानं ती वाचायला मागितली. वाचता वाचता त्याला दिसलं की बापूचे नफ्याचे बहुतेक सौदे तीनच कारणांचे होते, शब्द जरा वेगवेगळे. “बापू, हे नियमच आहेत की,” तो म्हणाला. बापूला ते पटलं नाही. तो म्हणाला, “नियम असतील, पण कुठला केव्हा लावायचा ते लिहिता येत नाही.” दादानं पुन्हा वही चाळली आणि हे त्यालाही मान्य करावं लागलं.

दादानं आपल्या बाजूनं एक सूट घेतली. तीन महिन्यांतून एकदा, बाजार बंद असताना, नियमांत बदल करायची मुभा. पहिलाच बदल त्यानं बापूला विचारून केला: ज्या शेअरमध्ये रोजची उलाढाल पातळ आहे आणि डेप्थमध्ये भाव हलवला जातोय असं बापूला दिसतं, ते यादीतून काढायचे. बाजार चालू असताना मात्र एका अक्षराचा बदल नाही. ४ जून २०२४ ला, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडली तेव्हा त्याचे हात शिवशिवले होते. आदल्याच दिवशी एक्झिट पोलवर बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला होता. जे शेअर नियमानं विकायचे ते त्यानं विकले आणि जे ठेवायचे ते ठेवले. त्यात थोडं गेलं. बापू त्या दिवशी सौद्यात नव्हता, वहीत लिहिलं होतं, “आज कारण लिहिता येत नाही.”

यात दोघे श्रीमंत झाले नाहीत. कीर्दीप्रमाणे दोघांचंही भांडवल वाढतं आहे, हळू. घर पगारावर आणि कंत्राटावर चालतं.

२०२५ मध्ये बापूचा मुलगा शेवटच्या वर्षाला गेला आणि एक दिवस माडीवर येऊन म्हणाला की त्याला परीक्षा द्यायची नाही. त्याच्या मोबाइलमध्ये एक तयार अल्गो होता. विकणाऱ्याचं म्हणणं, तीस हजार रुपये भरा, प्रोग्रॅम निफ्टीच्या वायद्यात आपोआप सौदे करील, महिन्याला ठरावीक उत्पन्न. “काका, तुमचा नियम पण यंत्रच आहे ना? आणि यात मन येत नाही, म्हणजे पप्पांची अडचण पण सुटली.” पोराचं बोलणं बिनतोड होतं. फीसाठी ठेवलेले पैसे त्याच्याकडे होते.

दादानं आधी कागद मागितला. सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे असे अल्गो एक्स्चेंजकडे नोंदवावे लागतात, आणि ज्याचं आतलं गणित ग्राहकाला दाखवत नाहीत असा अल्गो विकणाऱ्याला रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक कुठंच नव्हता. पण मुलाला ही सरकारी बाब वाटली. त्यानं चाचणीचा अहवाल उघडला: पाच वर्षं, तारीखवार, वेळेसकट प्रत्येक सौदा. जवळजवळ प्रत्येक महिना नफ्यात.

दादा आकडे तपासू लागला: सर्वांत मोठी घट किती, सलग तोट्याचे दिवस किती. बापू त्याच्या खांद्यावरून नुसता वाचत होता. अचानक त्यानं पान थांबवलं.

“२४ फेब्रुवारी २०२१. एक वाजून दहा मिनिटांनी घेतलं. दोन पन्नासला विकलं. नफा.”

“मग?” मुलगा म्हणाला.

“त्या दिवशी अकरा-चाळीसपासून पावणेचारपर्यंत एनएसई बंद होती. मी या खुर्चीत बसून होतो.”

दादानं लगेच त्या दिवसाचे मिनिटामिनिटाचे भाव काढले. अकरा-चाळीसच्या पुढं पावणेचारपर्यंत ओळीच नव्हत्या. अहवालातल्या सौद्याला घेणारा कुणी नव्हता, देणारा कुणी नव्हता, भावही नव्हता. कुणीतरी बसून तो आकडा लिहिला होता.

मुलानं विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, डेटाची किरकोळ गडबड असेल, एका दिवसाचं काय घेऊन बसलात. मुलानं विचारलं, मग बाकीचे दिवस कशावरून खरे? पलीकडून सांगितलं, आज रात्रीपर्यंत सवलत आहे, नंतर किंमत पन्नास हजार होईल.

आत्या जिना चढून वर आली होती. तिला अल्गो काय ते कळलं नाही, पण तारीख कळली. तिनं फडताळातून त्या वर्षाची वही काढली. २४ फेब्रुवारीच्या ओळीत बापूचा बँकेचा शॉर्ट होता, विकल्याची वेळ, बीएसईवर पुरा झाल्याची वेळ, तोटा, खर्च. त्याखाली तिच्या अक्षरात, “सौदा ब्रोकरने पुरा केला.” बापूनं ती ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. मुलाकडे वळून म्हणाला, “मी सगळ्यांना सांगत आलो की मीच निघालो होतो.”

मुलानं त्या दोन कागदांकडे पाहिलं, एक छापलेला आणि एक हातानं लिहिलेला. मग काकाला विचारलं की स्वतः चाचणी लिहायची झाली तर कुठून सुरुवात करायची. दादा म्हणाला, भावांपासून. बापू म्हणाला, कुठल्या दिवसांच्या भावांवर विश्वास ठेवायचा नाही ते मी सांगतो. आत्या म्हणाली, परीक्षेच्या फीची शेवटची तारीख कधी आहे?

ती त्याच दिवशी होती. मुलानं तिथंच बसून फी भरली.